चिंच बाजूला ठेव आधी

अगं, फोनवर मी जरा जोरातच ओरडले, ते मनाला लावून घेऊ नकोस. तू म्हणालीस, "ताई, आत्याने आजीचा तो पितळी डबा माझ्याकडे दिलाय, नाणी अगदी काळीकुट्ट झालीत, धनत्रयोदशीला पूजेत मांडायचीत म्हणून चिंच भिजत घातलीय," आणि माझ्या पोटात धस्स झालं. का, ते दोन वाक्यांत सांगता येईना, म्हणून लिहायला बसलेय. त्या भिजवलेल्या चिंचेचं आज सार कर. डब्याला मात्र हात लावू नकोस.

तुला आठवत नसेल, तू तेव्हा दुसरीत होतीस आणि मी अकरावीत. आजीच्या मागे लागून याच डब्यातली एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, मी मागून घेतली होती. जाडसर, ओबडधोबड गोल, कडेला एके ठिकाणी चेपलेली. रंग काताच्या वडीसारखा, गडद तपकिरी. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. 'शिव'मधला 'व' अर्धाच होता, कारण शिवराईचा साचा बहुतेक वेळा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असायचा, हाताने घाव घालायचे, आणि जेवढं चकतीवर मावेल तेवढंच उमटायचं. अक्षरांच्या खोबणीत तो तपकिरी रंग जास्त गडद होता, आणि उंचवट्यांवर जरा फिका. त्यामुळे नाणं वाचायला भिंग लागत नव्हतं.

मैत्रिणींना दाखवायची म्हणून मी ती चकचकीत करायला घेतली. वाटीत चिंचेचा कोळ, त्यात चमचाभर मीठ, आणि अंगठ्याने घासघास घासली. पाचच मिनिटांत नाणं सोललेल्या कोळंबीसारखं गुलाबी झालं. मी नाचत आजीकडे गेले. आजीने ते तळहातावर घेतलं, उलटंपालटं केलं आणि इतकंच म्हणाली, "हे माझं नाही गं वाटत." मला तेव्हा राग आला होता. आठवडाभरात त्या गुलाबीवर डाग पडले. पावसाळा संपेपर्यंत 'राजा'च्या 'ज'पाशी पोपटी भुकटी धरली, पुसली की चार दिवसांनी पुन्हा यायची. ती शिवराई आजही माझ्या कपाटात आहे. 'छत्रपति'तला 'छ' आता बोटाला लागतो, डोळ्यांना दिसत नाही.

तेव्हा काय झालं, ते मला फार उशिरा समजलं. तांब्यावरचा तपकिरी थर म्हणजे वरून चिकटलेला मळ नसतो. तांबं हवेशी वर्षानुवर्षं हळूहळू जोडलं जातं आणि त्याची एक घट्ट, दाट साय तयार होते. ती साय खालच्या तांब्याला सांभाळते. चिंचेतलं आम्ल तीच विरघळवतं. मग उघडं पडलेलं तांबं हवेला सामोरं जातं, पण आता घाईघाईने, जागोजाग वेगळं. आणि मिठाने तर घात केला. मिठातलं क्लोराइड धातूच्या बारीक छिद्रांत शिरून बसतं, दमट हवा मिळाली की आम्ल तयार करतं, ते आम्ल आणखी तांबं खातं, त्यातून पुन्हा क्लोराइड सुटतं. हे चक्र आपलं आपण चालू राहतं. संग्राहक याला 'ब्राँझ डिसीज' म्हणतात. ब्राँझलाच होतो असं नाही, तांब्यालाही होतो. आपण देवाची ताम्हनं लिंबू-मिठाने घासतो ते चालतं, कारण ती आपण रोज घासतो, धुतो, कोरडी करतो, आणि त्यांच्यावर वाचायचं काही नसतं.

आता चांदीच्या रुपयांकडे ये. तुझ्या डब्यात सात राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरियाचे, आहेत म्हणालीस, दोन एडवर्डचे, चार-पाच जॉर्जचे. त्यातल्या एका राणीछापवर काळ्याच्या कडेला निळसर-जांभळी झाक आहे, म्हणून तुला तो "सर्वात खराब" वाटला. बाई गं, तोच सर्वात चांगला असेल!

चांदीवरचा काळेपणा हाही वरून बसलेला मळ नाही. हवेतल्या, कागदातल्या, लोकरीतल्या गंधकाशी चांदीचा संयोग होतो आणि वर एक पातळ पापुद्रा धरतो. म्हणजे तो काळा भाग चांदीचाच असतो. घासताना तुझ्या फडक्याला जे काळं लागतं, ती नाण्याची चांदी. पापुद्रा अगदी पातळ असतो तेव्हा सोनेरी दिसतो, जरा वाढला की तांबूस-जांभळा, मग निळा, आणि फार जाड झाला की काळा. पाण्यावर तेलाचा तवंग रंगीत दिसतो ना, त्यातलाच प्रकार. हे रंग यायला कधी कधी चाळीस-पन्नास वर्षं लागतात. आजीने तो रुपया कुठल्याशा कागदात गुंडाळून डब्याच्या तळाशी ठेवला असणार, त्या कागदाने आणि त्या डब्याने मिळून तो रंग चढवलाय.

आणि त्या पापुद्र्याखाली आणखी एक गोष्ट असते, ती एकदा गेली की कुठल्याच उपायाने येत नाही. टाकसाळीत साच्याच्या दाबाखाली धातू मधून कडेकडे सरकतो, आणि त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर उमटतात. न वापरलेलं नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवलंस तर उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे गरगर फिरताना दिसतात. ही मूळ झळाळी. भांड्याच्या पावडरीने, टूथपेस्टने, राखेने, रांगोळीने घासलेल्या नाण्यावर या रेषा सपाट होतात. चकाकी राहते, पण ती स्टीलच्या पेल्यासारखी सगळीकडे एकसारखी आणि मेलेली असते.

मोबाईलवर ती अॅल्युमिनियमच्या कागदाची आणि खायच्या सोड्याची युक्ती दाखवतात, तीही तुझ्या डोक्यात असेल. गरम पाण्यात सोडा, खाली कागद, वर काळा चमचा, आणि क्षणात पांढरा. त्यात घासणं नसतं हे खरं. गंधक अॅल्युमिनियमकडे जातो आणि चांदी जागेवर परत बसते. पण ती पूर्वीसारखी बसत नाही, भुसभुशीत, निस्तेज बसते. चमच्याला चालतं. बाजारात बुडवून काढायचे द्राव मिळतात, ते तर पापुद्रा सरळ विरघळवून घेऊन जातात. एकदा बुडवलेलं नाणं जाणकारालाही कधी कधी ओळखू येत नाही, हे मान्य. पण दोनदा-तीनदा बुडवलं की खडूसारखं पांढरंफटक पडतं.

आता तू म्हणशील, वाचण्यापुरती अक्षरं राहिली की झालं, झळाळी गेली तर गेली. तर ऐक. राणीच्या रुपयांत १८६२ साल असलेले खूप सापडतात. टाकसाळीने ते साल पुढे बरीच वर्षं बदललंच नाही, १८७४ पर्यंत १८६२ चेच साचे चालू राहिले. मग कुठला रुपया नेमका कधीचा? मुंबईच्या टाकसाळीतल्या रुपयांवर तारखेच्या आसपास बारीक टिंबं आहेत, कुठे एक, कुठे तीन, कुठे जास्त, आणि संग्राहक त्यांवरून वर्षाचा अंदाज बांधतात. सुईच्या टोकाएवढी ती टिंबं पृष्ठभागाच्या वर आलेली असतात. पावडरीने घासताना आधी तीच जातात. तुझा अंगठा चार वेळा फिरला की १८६२ चा कुठलातरी रुपया, एवढंच उरतं.

तसंच १९११ च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयाचं. राजाच्या झग्यावर हत्ती कोरला होता, सोंड इतकी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, बरीचशी नाणी मागे घेतली, १९१२ पासून हत्ती नीट कोरला. हा हत्ती राजाच्या छातीवर आहे, म्हणजे नाण्याच्या उंच भागावर. घासलेल्या रुपयावर तो नुसता फुगवटा होऊन बसतो. तुझ्या जॉर्जच्या नाण्यांत १९११ आहे का, ते भिंगाने बघून मला कळव. नुसतं बघ.

नाण्यावर काय काय लपलेलं असतं, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण नाशिकजवळचं आहे. जोगलटेंबीला १९०६ साली नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला, १३,००० हून अधिक नाणी. त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःच्या खुणा पुन्हा ठोकल्या होत्या. नहपानाला हरवल्यावर त्याचीच नाणी आपल्या नावाने चालवली. पण नवा ठसा जुन्याला पूर्ण मिटवत नाही. सातकर्णीच्या डोंगराच्या चिन्हाखालून नहपानाच्या चेहऱ्याचं नाक डोकावतं, काठाला ग्रीक लिपीतली चारदोन अक्षरं शिल्लक राहतात. कोण जिंकलं, कोण हरलं, याचा पुरावा त्या पुसट नाकात आणि त्या चार अक्षरांत आहे. आता कल्पना कर, कुणीतरी प्रेमानेच, पूजेसाठीच, असं एक नाणं राखेने लख्ख केलं. सातकर्णीची खूण खोल ठोकलेली, ती राहील. नहपान जाईल. कधी त्र्यंबकला गेलीस तर वाटेत अंजनेरीला थांब, तिथे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे आणि संग्रहालयही. मुंबईत आलीस की फोर्टातलं रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आपण मिळून बघू.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगते, नाहीतर तू उद्या दुसऱ्या कुणाकडून ऐकशील आणि ताईने अर्धंच सांगितलं म्हणशील. जमिनीतून, नदीच्या वाळूतून निघालेली नाणी कुणीतरी साफ केलेलीच असतात. मातीचा गोळा असतो तो, साफ केल्याशिवाय नाणं आहे हेही कळत नाही. संग्रहालयातली प्राचीन नाणीही तज्ज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली, कणाकणाने साफ केलेली असतात. तेव्हा "साफ केलेलं म्हणजे वाईट" असा सरसकट नियम मी तुला देणार नाही. तज्ज्ञ माती काढतो आणि धातूची साय राखतो. आपण घरी सायच काढतो आणि कोपऱ्यातली माती तशीच राहते. तुझ्या डब्यातली नाणी तर मातीतून आलेलीच नाहीत. ती हातातून हातात आणि मग डब्यात आली. त्यांच्यावर घासून काढण्यासारखं काहीच नाही.

मागच्या महिन्यात तू त्या प्रदर्शनातून "एकदम नवा" व्हिक्टोरियाचा रुपया घेतलास, त्याचा फोटो मी मुद्दाम नंतर पाहिला. आनंदावर विरजण घालायला नको म्हणून तेव्हा गप्प बसले, पण आता विषय निघालाच आहे तर सांगते. घरातले मोठे दिवे बंद कर, एकच टेबललॅम्प ठेव, आणि नाणं कडेने धरून तिरपं फिरव. मोकळ्या मैदानावर, म्हणजे राणीच्या चेहऱ्यासमोरच्या सपाट भागात, केसांसारखे बारीक चरे एकाच दिशेने गेलेले दिसतात का बघ. मग अक्षरांच्या बेचक्यांत बघ. तिथे काळं आणि मैदान पांढरं असेल, तर ते घासलेलं आहे. मुकुटाच्या कडा आणि केसांच्या बटा झिजलेल्या, पण नाणं आरशासारखं चकाकतंय, असं असेल तर शंकाच नको. झीज आणि नवेपणा एका नाण्यावर एकत्र नांदत नाहीत. मला फोटोत तेच दिसलं. परत करायला जाऊ नकोस. ते नाणं शिकण्यासाठी ठेव, आजीच्या रुपयाशेजारी ठेवून बघत जा. दोन आठवड्यांत तुझी नजर तयार होईल.

विकायचा विचार आज नसेल, पण पुढे तुझ्या लेकीला गरज पडली तर म्हणून हेही माहीत असू दे. नाण्याच्या अवस्थेला १ ते ७० असे गुण देतात. शेल्डन नावाच्या अमेरिकन संग्राहकाने १९४९ मध्ये ही मोजणी काढली. आता पीसीजीएस, एनजीसीसारख्या संस्था नाणं तपासून गुणांसह प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून देतात. घासलेलं नाणं त्यांच्याकडे गेलं की गुण मिळत नाहीत, 'डिटेल्स' एवढाच शेरा आणि पुढे कारण, 'साफ केलेले'. मग ते कितीही दुर्मीळ असो, भाव पडतो तो पडतोच.

तर करायचं काय? बरंचसं काहीच नाही.

नाणं धरायचं ते दोन बोटांनी, कडेला. खाली मऊ पंचा अंथरून. बोटाच्या घामात मीठ असतं, आणि तांब्यावर उमटलेला अंगठा पुढे धातूत कोरला जातो. सुटी धूळ असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवायचं, घासायचं नाही, आणि मऊ कापडावर नुसतं टिपून कोरडं करायचं. जुन्या हळदीकुंकवाचे, तेलाचे, डिंकाचे थर असतील तर शुद्ध अॅसिटोनमध्ये भिजवता येतं. ते धातूला धक्का लावत नाही, फक्त वरचा चिकटपणा सोडवतं. पण खिडक्या उघडून, देव्हाऱ्यातल्या निरांजनापासून आणि गॅसपासून लांब, कारण ते भप्पकन पेटतं. नेलपॉलिश काढायचं औषध यासाठी नाही, त्यात सुगंध आणि तेल मिसळलेलं असतं.

ते मऊ, तीव्र वासाचे प्लॅस्टिकचे अल्बम टाकून दे. त्या पीव्हीसीतून कालांतराने हिरवा चिकट रस सुटतो आणि नाण्याला खातो. मायलारची खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर स्वस्तात मिळतात, ते घे. रबरबँड बिलकुल नको, त्यात गंधक असतो. डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या. आणि प्रत्येक होल्डरवर तुझ्या सुंदर अक्षरात लिही, "आजीचा डबा, आत्याकडून, अमुक साली." आत्याला अजून आठवतंय की यातला कुठला रुपया आजीच्या लग्नातला, कुठला आजोबांच्या पहिल्या पगारातला. ते या आठवड्यातच विचारून घे. ते फक्त तिच्याकडे आहे, आणि तिचं वय तुला माहीत आहे.

एका शिवराईवर हिरवं आहे म्हणालीस. ते गडद, गुळगुळीत, नखाला कडक लागतं का, की फिकट पोपटी आणि भुकटीसारखं? कडक असेल तर तो तिचा दागिना, राहू दे. भुकटी असेल तर तेवढंच नाणं वेगळ्या डबीत, कोरडं, आणि बाकीच्यांपासून लांब ठेव. माझ्या शिवराईला जे झालं, ते हेच. त्यावर इलाज असतो, पण तो घरचा नाही. अशा वेळी संग्रहालयातल्या संवर्धन विभागात विचारायचं.

आणि हो, नणंदेला अमेरिकेत आठवण म्हणून एक राणीछाप द्यायची म्हणत होतीस. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. तिला दुसरं काहीतरी दे.

आता राहिली पूजा. सासूबाईंना कसं सांगायचं, हाच तुझा खरा प्रश्न आहे ना? त्यांच्या घरात पूजेला चांदी लख्ख असावी ही रीत आहे आणि ती मोडायला मी सांगणार नाही. देव्हाऱ्यात वर्षानुवर्षं घासला जाणारा त्यांचा बंदा रुपया आहेच, तो त्यांच्या हातांनी गुळगुळीत झालाय, त्याला तसंच राहू दे. ते नाणं देवाचं. शिवाय सराफाकडून एक नवं चांदीचं नाणं आण, त्याला दरवर्षी हवं तेवढं चकचकीत कर, पंचामृताने न्हाऊ घाल. आजीची नाणी होल्डरसकट एका तबकात, बाजूला मांड. हळदीकुंकू तबकाला वाहा. सासूबाईंना टेबललॅम्पखाली तो निळा-जांभळा रुपया फिरवून दाखव. रंगांची त्यांना तुझ्यापेक्षा जास्त पारख आहे, पैठण्या त्यांनी नेसल्यात. एकदा बघितला की घासायला त्या स्वतःच देणार नाहीत.

मी रविवारी सकाळच्या एसटीने येतेय. माझं दहापट भिंग घेऊन येईन, आणि ती कोळंबीच्या रंगाची शिवराईही, आता तिचा रंग काय झालाय ते तू तुझ्या डोळ्यांनी बघ. डबा तोवर ओट्यापासून लांब, कपाटात ठेव. आणि सारात गूळ जरा जास्त घाल, माझ्यासाठी वाटीभर ठेव.

तुझी,
ताई